पुढच्याचे डोळे मागच्यानं बघायचे

१७ जुलै, सोमवार

घ्या! सगळ्या शाळंत डोळे तपासायला सिस्टरला मीच सापडले!

गावात डोळे यायची साथ आलीय. सिस्टर — आमच्या चर्चच्या शाळेची मोठी बाई, एक नंबरची खडूस — प्रार्थना झाल्यावर म्हणली, “उद्यापासून बायनाबाई गेटवर उभ्या राहतील. ज्याचे डोळे लाल, तो घरी. बाकीच्यांनी साबणानं हात धुवून आत.” मी म्हणलं, “हो सिस्टर.” दुसरं काय म्हणू? मला लाल बी दिसंना अन् पांढरं बी दिसंना, असं म्हणू?

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. डाव्यात होऊन राह्यलाय. दीड वर्ष झालं, कोन्हाला बोलले न्हाई. बोलले अन् धर्मराजसारखी गत झाली तर? धर्मराज आमचा जुना वॉचमन. मला कमी ऐकू येतंय म्हणला, अन् महिन्याभरात शाल-नारळ देऊन घरी! आता मस्तगडात आपल्या घराच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करतो. मला न्हाई पाहिजे शाल-नारळ. बावीस वर्षं झाली, ह्या शाळेची घंटा मी वाजवून राह्यले. घरी बसले तर सूनबाई मनीषा अन् तिच्या टीव्हीतल्या सासवा — आठ दिवसांत येडी होईल मी.

ही वही सिस्टरचीच. दोन दिल्त्या, दोन्ही लाल पुठ्ठ्याच्या. एक आरोग्याची, दुसरी ती भरल्यावर घ्यायला. दुसरी मी माझी केली. चित्रकलेच्या कपाटातला जाडा काळा स्केचपेन बी माझा केला, कारण बारीक पेनाचं मलाच दिसत न्हाई. एका पानावर सात ओळी बसतात. बसू दे. वही हितंच राहील, गेटजवळच्या टेबलाच्या खणात. घरी नेली की मनीषा वाचलीच समजा!

१८ जुलै

डोकं चाललं बाई माझं! रांग लावली अन् नियम काढला — पुढच्याचे डोळे मागच्यानं बघायचे. पुढच्यानं मागं वळायचं, मागच्यानं हात न लावता नीट बघायचं अन् जोरात सांगायचं. चुगली करायला पोरं किती खुश असतात! “मावशी, ह्याचे पांढरेत!” “मावशी, हिचे जरा गुलाबी हायेत!” मी आपली राणीसारखी खुर्चीत. लाल म्हणला की घरी, पांढरा म्हणला की साबण.

सिस्टर खिडकीतून बघत होती. म्हणली, “वा बायनाबाई, मुलांना जबाबदारी शिकवताय!” मी मान हलवली. प्रार्थनेला आज माझं आमेन सगळ्यात मोठं होतं. धनगराची असले म्हणून काय झालं, आमेन मला बराबर जमतं.

२० जुलै

तिसरीतल्या अंगदच्या मामानं राजूरहून दहा काळे चष्मे आणलेत. गणपतीच्या देवळापाशी मिळतात ते, वीस रुपयेवाले. अर्धी तिसरी सिनेमातल्या गुंडांसारखी फिरून राह्यली. मी म्हणलं, “अंगद, तुझे कुठं डोळे आलेत?” म्हणतो, “आले न्हाईत मावशी, येणारेत.”

एक मी काढून घेतला अन् डोळ्यावर चढवला. मी कुठं बघते अन् बघते का न्हाई, कोन्हाला कळत न्हाई. झकास काम झालं.

२२ जुलै

आज ऋषीचे वडील आले. तहसीलमध्ये कामाला असतात, शर्टाला कडक इस्त्री. “याला काल लाल डोळे म्हणून घरी पाठवलं. डोळे तर स्वच्छ आहेत!” मी म्हणलं, “साबणानं गेलं असंल.” ते माझ्याकडं बघतच राह्यले. म्हणजे बघत असावेत, मला चष्म्यातून नीट दिसलं न्हाई.

नंतर कळलं. ऋषीमागं अंगद उभा होता. दोघांचं शार्पनरवरून भांडण झाल्तं. अंगदनं लाल म्हणून सांगून बदला घेतला! असं हसू आलं मला की घंटा पाच मिनिटं उशिरा वाजली. सिस्टर खडूस ओरडली. ओरडू दे.

२४ जुलै

पायरी चुकले. ओट्याची शेवटची. कोन्ही बघितलं न्हाई.

२६ जुलै, बुधवार

हसू जिरलं माझं.

तिसरीतली अकरा पोरं घरी गेली. सगळ्यांचे डोळे आलेत, अन् सुरुवात अंतरापासून. अंतरा म्हणजे वकीलसाहेबांची नात, दोन वेण्यांची, रोज गेटवर माझ्या हातावर टाळी देऊन आत जाणारी. सोमवारी तिचे डोळे लालभडक होते. मागं अंगद होता. तिनं त्याला शेंगदाण्याची चिक्की दिली, तो म्हणला, “पांढरेत मावशी!” अन् मी तिचा गाल थोपटून तिला आत सोडलं. मीच.

आज तिची आई न्यायला आल्ती. पोरीचे डोळे सुजून बंद झालते. माझा हात धरून पोरगी म्हणली, “मावशी, मला तुम्ही दिसंनात.” मी म्हणलं, “दिसंल बाळा, चार दिवसांत दिसंल.” मनात म्हणलं, मला बी तू दिसंना. सोमवारपासून दिसंना.

लई वाईट वाटून राह्यलं. आजपर्यंत ह्या शाळेत माझ्यामुळं एका पोराला खरचटलं बी न्हाई. आता सांगून टाकावं का? सांगितलं तर गेट गेलं, घंटा गेली, पोरं गेली. न्हाई सांगितलं तर अजून एखादी अंतरा. रडले जराशी, हात धुवायच्या नळापाशी. तिथं सगळ्यांचेच गाल ओले असतात.

२७ जुलै

काल जाताना सिस्टरनं आरोग्याची वही मागितली. कोणाला कधी घरी पाठवलं ते बघायचं म्हणली. मी म्हणलं, “खणात हाये, घ्या,” अन् रिक्षा पकडली.

आज सकाळी काय झालं म्हणावं! सिस्टर स्वतः गेटवर. बॅटरी घेऊन. एकेका पोराचे डोळे बघून राह्यली. मला म्हणली, “बायनाबाई, तुम्ही नळावर थांबा. तिथं मुलं फार धिंगाणा करतात.” रागावली न्हाई. ही खडूस बाई रागावत न्हाई म्हणजे काहीतरी शिजून राह्यलंय.

पण डोळ्यांचं काम सुटलं! देवानं ऐकलं. कोणत्या देवानं ऐकलं कोणास ठाऊक, बिरोबा अन् येशू दोघांना हात जोडले.

नळावर मजा हाये. वीस आकडे म्हणेपर्यंत हात चोळायचे, असा नियम. अंगद एकदम “एक, दोन, वीस!” म्हणतो. मी त्याला तीनदा धुवायला लावलं. चिक्कीचा हिशोब बाकी हाये म्हणलं.

२९ जुलै

सिस्टरच्या खोलीतला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. साखर दाखवल्यासारखी करतात. बावीस वर्षं पिऊन राह्यले, आज लिहून टाकते. खडूस.

३१ जुलै, सोमवार

आज चहा गोड! सिस्टरला म्हणलं, “काय सिस्टर, वाढदिवस हाये का?” म्हणली, “सहजच.”

अन् ओट्याच्या सगळ्या पायऱ्यांना पिवळा पट्टा मारलाय, हातभर रुंद. “मुलं पडतात,” म्हणली. पोरं तर पायऱ्यांवरून उड्या मारतात, पडतात कुठं? मला मात्र बरं झालं. पट्टा दिसतो.

३ ऑगस्ट

मेले! गुरुवारी, दहा तारखेला डोळ्यांचा कॅम्प. डॉक्टर येणार. पोरांचे डोळे बघणार अन् “सर्व कर्मचाऱ्यांचेसुद्धा,” असं सिस्टर काल प्रार्थनेत म्हणली. म्हणताना माझ्याकडंच बघून राह्यली, असं वाटलं.

मुलगा सुग्रीवला रात्री नुसतं म्हणलं, डॉक्टरची भीती वाटती. म्हणतो, “आई, त्या दिवशी सुट्टी घे.” सुट्टी घेतली तर अकरा तारखेला बोलवतील. सिस्टरला ओळखत न्हाई तो. जाऊ दे, काही तरी युक्ती काढावी लागंल.

९ ऑगस्ट

युक्ती सापडली!! डॉक्टरचा माणूस काल दुपारी हॉलमध्ये तक्ता टांगून गेला. मोठी अक्षरं वर, बारीक खाली. मी चौथीच्या पोरांना म्हणलं, “कोण फाडफाड वाचतं बघू!” पोरं ओरडून वाचू लागली, मी झाडू मारत मारत ऐकलं. न, म, प. मंग र, ग, ट, व. मंग ल, स, च, ब, ध. सगळ्यात खालची ओळ बी पाठ. आज सकाळी रिक्षात येताना म्हणत होते तर रिक्षावाला म्हणला, “मावशी, मंत्र हाये का?” हो म्हणलं, डोळ्यांचा मंत्र.

आता येऊ दे डॉक्टर. पहिल्या नंबरात पास होणार बायनाबाई!

१० ऑगस्ट, गुरुवार

काय सांगू. कसं सांगू.

माझा नंबर आला. डॉक्टर तरणा पोरगा. म्हणला, “मावशी, सांगा बघू.” मी ताठ उभी राह्यले, छाती पुढं, अन् वरपासून खालपर्यंत एका दमात म्हणलं. न म प, र ग ट व, एक अक्षर चुकलं न्हाई. मंग पोरं जी हसली! डॉक्टर म्हणला, “मावशी, हा तक्ता अक्षरांचा नाही. यावर नुसते दांडे आहेत. दांड्यांची तोंडं कोणीकडं ते हातानं दाखवायचं.”

रातोरात तक्ता बदलला! कोणी बदलला? मला तर समोर धुकं दिसून राह्यलं, त्यात काय दांडे अन् काय अक्षरं.

मंग त्यानं बॅटरी मारली. उजवा पिकलाय म्हणे, डावा बी जास्त दिवस काढणार न्हाई. सगळ्यांसमोर कळलं. सिस्टर म्हणली, “बायनाबाई, ऑफिसात या जरा.” मी म्हणलं, घंटा वाजवायची हाये. घंटेला अजून अर्धा तास होता.

१४ ऑगस्ट

ऑपरेशन एकवीसला. पैसे लागत न्हाईत, सिस्टरनं सगळं बोलून ठेवलंय. पण आज ऑफिसात झाडायला गेले, तर खुर्चीवर नवी शाल. शेजारी नारळ. हात लावून बघितला. नारळच.

उद्या झेंडावंदन झाल्यावर देतील. धर्मराजला बी असंच, पंधरा ऑगस्टलाच दिल्तं. पोरांसमोर रडायचं न्हाई, बस.

१५ ऑगस्ट

शाल डॉक्टरला दिली! नारळ बी त्यालाच! मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की तो लाजला.

पण मला कोन्ही काही बोललं न्हाई. ऑपरेशन झाल्यावर देणार असतील. घंटेच्या दांड्याला आज तेल लावून ठेवलं. नवी बाई येईल तिला जड जाऊ नये.

अंतरा आल्ती. डोळे उघडलेत. टाळी दिली.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज शाळेत आले. उजव्या डोळ्यानं सगळं लख्ख. घंटा गंजलीय, अंगदच्या नाकावर तीळ हाये, सिस्टर माझ्यापेक्षा म्हातारी हाये!

वही काढली, अन् हातातून पडायची राह्यली. माझ्या काळ्या ओळींच्या खाली पेन्सिलीनं बारीक बारीक लिहिलंय. कधीच दिसलं न्हाई. सव्वीस जुलैच्या पानावर: “आरोग्याची वही समजून उघडली. लगेच मिटायला हवी होती. चूक माझी. अंतराची चूकही अर्धी माझी, तुम्हाला न विचारता गेटवर उभं केलं.” चहाच्या पानावर: “साखर वाढवते.” तक्त्याच्या पानावर: “तक्ता मीच बदलायला लावला. माफ करा, दुसरा उपाय नव्हता.” कडेला: “खडूस — आजपर्यंत चार वेळा.” अन् शेवटी: “धर्मराज स्वतःहून गेले, त्यांना नातवंडांत राहायचं होतं. तुम्हाला कुणीही पाठवत नाही. यापुढं वाचणार नाही. वही घरी न्या.”

घरी? घरी मनीषा हाये!

खणातच ठेवून जाते. उघडीच. सिस्टर, चहात आलं बी पाहिजे.