जखमी जनावरामागे कोण जाणार

एनस्खेडे,
६ जून २०२१

प्रिय अक्कास,

यादवचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही तिघं धडधाकट. तुझी दुसरी लस झाली का आणि गुडघा काय म्हणतो, ते कळव.

आधी हिशेब देतो, म्हणजे लपवलं असं तुला वाटायला नको. नामिबियातल्या फार्मचं दरपत्रक माझ्यासमोर आहे. हॉटेलच्या मेनूसारखं छापलंय. कुडू, म्हणजे पिळाच्या शिंगांचं, आपल्या सांबराएवढं जनावर, तेवीसशे युरो. ओरिक्स, तलवारीसारखी सरळ शिंगं, सहाशे. स्प्रिंगबॉक, छोटं हरीण, चारशे. राहणं, जेवण, गाडी आणि माग काढणारा माणूस यांचे रोजचे वेगळे. भाड्याच्या बंदुकीचे वेगळे. गोळी लागून जनावर पळालं आणि सापडलं नाही, तरी पैसे पूर्ण. हा शेवटचा नियम मी दोनदा वाचला. विमान धरून सगळं सहा हजारांच्या आत बसतंय. त्यात तुझा अबोला धरलेला नाही. तो कुठल्या रकान्यात मांडायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मी फोनवर एवढंच म्हणालो, "अक्का, पुढच्या मे महिन्यात शिकारीला जातोय, आफ्रिकेत." पलीकडे सामसूम. मग तू फोन कापलास. पुन्हा केला नाहीस, मीही केला नाही. म्हणून हे पत्र. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. पोस्टात चौतीस वर्षं काढलेली बाई टपाल फाडत नसते.

तुला वाटतंय यादवला पैशाची मस्ती आली. आली तर आली. कराडच्या आयटीआयमधून निघालो तेव्हा माझ्याकडे होतं काय? एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि हे दोन कान. साखर कारखान्यात स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला लावून मी सांगायचो, हे चार दिवस चालेल, हे आज रात्री बसेल. इंजिनियर हसायचे. रात्री बेअरिंग बसलं की मलाच उठवायला यायचे. त्याच कानांवर मी इथे आलो, दूध कारखान्यांचे कॉम्प्रेसर ऐकत फिरलो, आणि आज माझ्या हाताखाली सहा डच माणसं आहेत. तूच म्हणायचीस ना, याला आजोबांचे कान आलेत? फोनवर मी तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायचो आणि सांगायचो, अक्का, उतरव आता, डाळ झाली.

नेमबाजीच्या मैदानावरसुद्धा तेच. इथून सायकलच्या टप्प्यात जर्मनीची हद्द आहे, तिथे हेरमान मला घेऊन जातो. हेरमान माझं जुनं गिऱ्हाईक, दीडशे गाईंचा मालक, लहानपणापासून शिकारी. शंभर मीटरवर लोखंडी पत्रा टांगलेला असतो. बाकीचे गोळी मारून दुर्बिणीत बघतात, लागली का. मी डाव्या कानावरचं झाकण जरा मागे सरकवतो आणि ऐकतो. ठण्ण! दुर्बीण लागतेय कोणाला? आफ्रिकेत त्या माग काढणाऱ्याच्या आधी मला कुडू ऐकू येईल, लिहून ठेव.

बाकी इथे लोकांचं बोलणं मात्र बिघडलंय. मास्क लावल्यापासून सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. दुकानातली पोरगी काय विचारते ते तीनदा विचारावं लागतं. शैला म्हणते टीव्ही बारीक करा. मी म्हणतो, टीव्हीवालेही पुटपुटायला लागलेत.

शैला तुझ्याच पार्टीत आहे. परवा म्हणाली, "वंदनेला पहिल्या शिलापाशी, जीवहत्या करणार नाही म्हणताना, तुमचा आवाज का हो बारीक होतो?"

मी म्हणालो, "पापलेट तळताना तुझा कुठे मोठा असतो?"

धम्मदीपा सुटीला युट्रेख्टहून आली होती. ती तर आईच्याही पुढे. "बाबा, सो यू विल किल इट फॉर अ फोटो?" मी म्हटलं, त्याचं मांस फार्मवरची चाळीस माणसं खातात, कत्तलखान्यातल्या कोंबडीला तर फोटोचाही मान नाही. तर म्हणे, "आय डोन्ट ईट चिकन." खरंय, खात नाही. तिच्यासमोर माझी बाजू लंगडी पडते. तुझ्यासमोर पडत नाही, कारण तुला सगळं माहीत आहे.

फोटोसाठीच जातोय, अक्का. खोटं कशाला बोलू? दोन वर्षांपूर्वी मी गावी आलो होतो तेव्हा संस्थानच्या वाड्यातलं संग्रहालय बघायला गेलो, आठवतं? तुला सांगितलं नव्हतं, पण तिथे तो फोटो आहे. मधे गोरा पाहुणा, बाजूला राजेसाहेब, पायाशी बिबट्या. खाली सगळ्यांची नावं छापलीत. कुत्र्याचंसुद्धा नाव आहे. आजोबा नाहीत. कसे असतील? पाहुण्याचा नेम चुकला, बिबट्या जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरला, आणि राजेसाहेब म्हणाले, हाकेवाल्यांतला तो कानाचा माणूस पाठवा आत. फोटो निघाला तेव्हा आजोबा बैलगाडीत पडलेले, खांद्यावर हळद नि चुना थापलेला. तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही.

गेल्या आठवड्यात तळ्याकाठी आमच्या मराठी मंडळींचं जेवण होतं. यशोधन म्हणून पुण्याचा एक पोरगा आहे, आयटीतला. म्हणाला, "काका, शिकार म्हणजे रॉयल शौक! आमच्या पणजोबांकडे संस्थानचा बंदुकीचा परवाना होता. तुमच्याकडे होती का परंपरा?"

"होती की," मी म्हणालो. "तुझे पणजोबा वर मचाणावर असतील ना, तेव्हा आमचे आजोबा खाली डबे बडवत होते."

आधी हसला. मग हसायचा थांबला. मग गुपचूप माझ्या ताटात एक वडा वाढला. पोरगं वाईट नाही.

तर मला एक फोटो पाहिजे. मधे आपल्या घरातला माणूस, हातात बंदूक, आणि खाली छापलेलं नाव. तो फोटो मी त्या संग्रहालयाला भेट पाठवणार आहे. लावा म्हणावं कुत्र्याशेजारी. दोनदा तारीख पुढे गेली, एकदा आपल्या लॉकडाऊनने, एकदा त्यांच्या. पुढच्या मेला नक्की. तू बोल किंवा बोलू नकोस.

तुझा हट्टी भाऊ,
यादव


एनस्खेडे,
२८ नोव्हेंबर २०२१

प्रिय अक्का,

जयभीम. तुझं अंतर्देशीय पत्र पोहोचलं नाही असं तुला वाटत असेल. पोहोचलं, सप्टेंबरातच. अंतर्देशीय परदेशात चालत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? तरी त्यावर वरून तिकिटं चिकटवून पाठवलंस, आणि आलं! तुझ्या खात्याला माझा सलाम.

उत्तराला उशीर झाला कारण तू दोनच ओळी लिहिल्यास आणि दोन्ही बसल्या. "आजोबा बिबट्याला घाबरले नव्हते, साहेबाच्या नेमाला घाबरले होते. यादवा, तुझा नेम चुकला तर जखमी जनावरामागे कोण जाणार?"

मी त्याच दिवशी फार्मच्या मालकिणीला मेल केला. तिचं उत्तर आलं, काळजी नको, ते एलियासचं काम आहे, वीस वर्षं करतोय. एलियास म्हणजे माग काढणारा. तिने त्याचा फोटोही पाठवला. साठीचा माणूस, उभा कसा आहे सांगू? डावा खांदा खाली. मी तो फोटो मिटवला, पुन्हा उघडला.

मी ताबडतोब उलट लिहिलं, असं चालणार नाही, मी जाणार. तिने विम्याचा नियम दाखवला. मी म्हटलं, बाई, मी विमा कंपन्यांचे कॉम्प्रेसर दुरुस्त केलेत, नियम कसा वाकतो मला ठाऊक आहे. हे मी तुला मोठ्या तोऱ्यात कळवणार होतो. पण त्याच शनिवारी मैदानावर वेगळंच झालं.

हेरमान म्हणाला, नुसता पत्रा वाजवून शिकारी होता येत नाही. कळपात नराच्या मागे मादी उभी असते, गोळी आरपार जाते. म्हणून शेजारी उभा असलेला माणूस कानात कुजबुजतो, थांब, थांब, आता. तेवढं ऐकायचं आणि मगच चाप ओढायचा. त्याने पुठ्ठ्याचे दोन कुडू उभे केले, एकामागे एक, मागचा दोरीने सरकणारा. माझ्या मागे उभा राहिला. मी तीन काठ्यांच्या तिवईवर बंदूक ठेवली. चार गोळ्या मारल्या. चारही बरोबर खांद्यामागे, वाटीएवढ्या जागेत. मी खुशीत वळलो. हेरमानचा चेहरा पडलेला.

"यादव, मी दोनदा थांब म्हणालो."

"तू काही बोललाच नाहीस."

"बोललो."

"मास्कमुळे ऐकू आलं नसेल."

"मी मास्क लावलेलाच नाही."

मागच्या पुठ्ठ्याच्या मादीला पोटात दोन भोकं होती. पोटात. म्हणजे पडत नाही, पळतं, आणि जाळीत शिरतं.

हेरमान शेतकरी माणूस, वाद घालत नाही. म्हणाला, समोर बघ. मी समोर बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पुढे आला आणि हातातला ट्रॅक्टरच्या किल्ल्यांचा जुडगा दाखवला. "हा मी तुझ्या डोक्यामागे वाजवत होतो."

मग हाउसआर्ट्सकडे गेलो, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि त्यांनी कान तपासायला पाठवलं. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबा म्हणाले. मी अंगठा तयार ठेवून बसलो, कधी सुरू होतंय याची वाट बघत. थोड्या वेळाने मुलगी दार उघडून म्हणाली, झालं.

तिने कागदावर रेघ काढून दाखवली. जिन्यासारखी खाली गेलेली. तीस वर्षं कॉम्प्रेसरच्या खोल्यांतून बिनझाकणाचा फिरलो, कारण झाकण लावलं तर ऐकणार काय? यंत्रांनी कान खाल्ले आणि बंदुकीने ताट धुतलं. मी डाव्या कानावरचं झाकण सरकवून ती ठण्ण ऐकत होतो ना, तेवढंच उरलेलं त्यात गेलं. आता तिथे दिवसभर कुकरची एकच शिट्टी लागलेली असते, कोणी उतरवत नाही. आणि लोक पुटपुटत नव्हते, अक्का. कितीतरी वर्षं मी त्यांचे ओठ बघून ऐकत होतो. मास्कने ओठ झाकले आणि मी उघडा पडलो.

शैलाला सांगितलं तर म्हणाली, "मला सहा वर्षांपासून माहीत आहे." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले होते."

आता तुला वाटेल, सुटले, याने नाद सोडला. मुळीच नाही! परवापासून दक्षिण आफ्रिकेकडच्या विमानांना इथे बंदी आली, नवा विषाणू निघालाय. सगळे म्हणतात, काका, आता तरी रद्द करा. मी फार्मला कळवलं, मे महिना पक्का, आणि माझ्या अटीही पक्क्या. एकच जनावर. शंभर मीटरच्या आत, एकटं उभं असेल तर. कानात कोणी बोलायचं नाही. एलियासने माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. हात आहे तोवर थांबायचं, उचलला की गोळी. नाही उचलला तर तसंच परत यायचं, पैसे पूर्ण घ्या म्हटलं. आणि जखमी झालंच तर जाळीत त्याच्याबरोबर मी जाणार. पुढे तो असेल, कारण आता ऐकणारा तो आहे. पण एकटा नसेल. मालकिणीने चार दिवस घेतले आणि "मान्य" एवढा एकच शब्द पाठवला.

फोटो काढला तर दोघांचा निघेल, आणि खाली दोन्ही नावं. पहिल्या शिलाचं तू म्हणशील ते ऐकून घेईन. त्या ओळीला आवाज अजून बारीकच होतो, फरक एवढाच की आता तो मलाही ऐकू येत नाही. पण बंदूक फक्त यशोधनसारख्यांच्या पणजोबांनी धरायची आणि आपण शहाण्यासारखं अहिंसेवर बोलायचं, हे मला नाही जमत. आजोबांनी धम्मदीक्षेनंतर सापसुद्धा मारला नाही. ते त्यांना शोभलं, कारण ते आधी जाळीत जाऊन आले होते.

रविवारी तुला फोन करीन. दोन्ही कानांत यंत्रं बसवून घेतलीत, वाटाण्याएवढी, किंमत विचारू नकोस, कुडूपेक्षा जास्त आहे. मोठ्याने बोल, पेन्शनच्या दिवशी खिडकीतून म्हाताऱ्यांना ओरडायचीस तसं.

आणि एक राहिलं. मे महिन्यात फोनवर तू कापलं नव्हतंस. तू बोलत असशील, बराच वेळ. मला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून तू कापलास असं धरून मीच ठेवला.

तुझा,
यादव