टेंडाईची सही

नॉटिंगहॅम,
८ एप्रिल २००६

ती. लताआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

फोनवर तू म्हणालीस की माझा आवाज बरोबर नाही, आणि मी सर्दी झाली असं सांगितलं. सर्दी नव्हती. बोलले असते तर रडले असते, आणि तिकडे स्लाऊमध्ये तू गॅसवरची भाजी करपवली असतीस. म्हणून लिहिते.

आमच्या संस्थेला तीन वर्षांचं फंडिंग मिळालं. तुझ्या कानाशी इतकी भुणभुण केली आहे की ती योजना तुला पाठ असेल. इथे आफ्रिकेतून आलेली कितीतरी मुलंमुली गातात, वाजवतात. चर्चमध्ये, लग्नांत, बहुतेक फुकट. पण गाण्यामागची पगाराची कामं, म्हणजे आवाज मिक्स करणं, स्टेजचे दिवे, रेकॉर्डिंग, कराराचे कागद, ती त्यांना कोणी शिकवत नाही आणि देतही नाही. दर वर्षी चोवीस जणांना ती शिकवायची आणि शेवटचे सहा महिने पगारी काम मिळवून द्यायचं. चौदा महिने खपून ही योजना मी आणि टेंडाईने लिहिली. झिंबाब्वेची ती उंच बाई, गेल्या उन्हाळ्यात तुझ्याकडे आली होती आणि तुझा ठेचा पाणी न पिता खाल्ला होता, तीच. हरारेमध्ये अकरा वर्षं साउंड इंजिनिअर होती. इथे हॉस्पिटलच्या फरशा पुसते. तरी शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तिने आमच्या पहिल्या नऊ मुलांना एक पैसा न घेता शिकवलं. तिच्या जोरावरच हे फंडिंग मिळालं.

परवा छापील ब्रोशर आलं. योजनेची कल्पना आणि आखणी: गिरीश. आमचा डायरेक्टर, पुण्याचा, बेसिंगस्टोकची कंप्युटरची नोकरी सोडून समाजसेवेत आलेला. टेंडाईचा फोटो आहे, खाली नाव नाही. माझे आभार मानलेत, टायपिंगसाठी. आणि शिकवायला लंडनहून कोणी माणूस येणार आहे, कारण टेंडाईकडे इथलं सर्टिफिकेट नाही.

मी केबिनमध्ये गेले. गिरीश हसत म्हणाला की फंडिंग देणाऱ्यांना एकच चेहरा लागतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. मग सहज बोलल्यासारखं विचारलं की माझ्या वर्क परमिटचं काय चाललंय. तुला माहीत आहे, पुढच्या महिन्यात माझी चार वर्षं भरून इथे कायम राहायचा शिक्का मिळाला असता. होम ऑफिसने याच आठवड्यात चारची पाच केली. परमिट त्याच्या सहीवर, म्हणजे आणखी एक वर्ष मी त्याच्या मुठीत. हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

आत्या, मला न्याय वगैरे नको. मला त्याला लोकांदेखत खाली बसलेलं बघायचंय.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.
तुझी,
रचना


स्लाऊ,
१६ एप्रिल २००६

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र मिळालं. परवा जयंतीच्या कार्यक्रमाला दीडशे माणसांचा भात माझ्याकडे होता, त्यामुळे उत्तराला दोन दिवस गेले. भात चांगला झाला. भाषणं लांबली.

तुला एक सांगते, जे बबनलाही सांगितलं नाही. तुझ्या बापाला वाटतं, मोठी बहीण विलायतेत सुखाने राहिली. १९७८ साली मी इथल्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. डबे भरायची एक पद्धत मी बसवली, त्यामुळे आमच्या बायकांच्या पाठी वाचल्या. सुपरवायझरने ती स्वतःच्या नावावर वर पाठवली. त्याला बढती मिळाली, घड्याळ मिळालं, पेपरात फोटो आला. मी काय केलं? त्याचं अभिनंदन केलं. तुझे काका म्हणाले, नोकरी सांभाळ. मी सांभाळली, सव्वीस वर्षं. त्या माणसाचा चेहरा अजून कणीक मळताना आठवतो, म्हणून माझ्या पोळ्या मऊ होतात.

आपलं नाव पुसायची लोकांना जुनी सवय आहे. आपण गप्प बसतो ही आपली सवय. तू बसू नकोस. पण आज ओरडूही नकोस. वर्षभर तोंड गोड ठेव, शिक्का घे, कागद जमव. प्रत्येक कागदाची कॉपी काढ आणि माझ्याकडे पाठव. माझ्या गादीखाली कोणी हात घालत नाही.

केस फार कापलेस असं माझी लेक सुप्रभा सांगत होती. वाढव. त्या दिवशी नीट दिसायला हवीस.

लसणीची चटणी पाठवते. राग आणि जेवण दोन्ही वेळेवर कर.
तुझी,
लताआत्या


नॉटिंगहॅम,
३ डिसेंबर २००६

ती. लताआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

सोबतचा कागद जपून ठेव. याच्यासाठी मी आठ महिने त्या माणसाला दुधाचा चहा करून दिला आहे.

फंडिंगच्या मूळ फाइलमध्ये हे पत्र सापडलं. त्यात टेंडाई लिहून देते की तीन वर्षं मुख्य शिक्षक म्हणून ती काम करील. खाली तिची सही. पण सहीत नावाचं स्पेलिंग चुकलंय. आत्या, स्वतःच्या नावात कोणी चूक करतं का? म्हणजे तिचा अनुभव दाखवून पैसे आणले, त्यासाठी खोटी सही केली आणि पैसे आल्यावर तिलाच बाहेर ठेवलं. मी कॉपी काढली आणि बाथरूममध्ये जाऊन हसले.

टेंडाईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती सरळ बाई आहे, दुसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहील आणि सगळं फुटेल. गेल्या आठवड्यात ती घरी आली होती. एका कॉलेजात साउंड शिकवायची जागा निघाली आहे. चर्चच्या हॉलमधल्या शनिवारच्या वर्गांबद्दल मी दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढंच तिचं म्हणणं होतं. मी उन्हाळ्यापर्यंत थांब म्हटलं. कॉलेजने खात्री करायला गिरीशला फोन केला असता आणि तो सावध झाला असता. तिने फार विचारलं नाही. कोट घातला आणि ड्यूटीला गेली. मला जरा वाईट वाटलं. पण उन्हाळ्यात तिला याहून मोठं काही मिळणार आहे, तेव्हा ती समजून घेईल.

गिरीश खुश आहे. परवा सगळ्यांसमोर म्हणाला की रचनासारखी निष्ठावान माणसं आता मिळत नाहीत. मी मान खाली घालून लाजले. तू असतीस तर टाळी दिली असतीस.

थंडीत बाहेर पडू नकोस, आणि माझ्या वाटणीची माया शिल्लक ठेव.
तुझी,
रचना


स्लाऊ,
११ डिसेंबर २००६

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

कागद गादीखाली गेला. रात्री त्यावर झोपते आणि कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागते. तू योग्य केलंस. थोडं कोणालातरी सोसावं लागतंच. त्याची खुर्ची ज्या दिवशी हलेल, त्या दिवशी मी दोघींसाठी पुरण घालीन.

गुडघा दुखतो, पण तुझ्या बातमीने तोही ताठ झाला आहे.

तुझ्याइतकीच अधीर,
लताआत्या


नॉटिंगहॅम,
१७ जून २००७

ती. लताआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

झालं.

शिक्का २९ मे रोजी मिळाला, ते तुला कळवलंच होतं. काल पहिल्या तुकडीचा सर्टिफिकेट देण्याचा कार्यक्रम होता. हॉलमध्ये दोनशे माणसं. फंडिंग देणाऱ्या फाउंडेशनच्या मिसेस हॉलंड पहिल्या रांगेत. टेंडाईला मी मुद्दाम आमंत्रण दिलं होतं, मुलांना तुला भेटायचंय असं सांगून. निळ्या ड्रेसमध्ये आली होती, ड्यूटी बदलून.

गिरीशने अर्धा तास स्वतःची कहाणी सांगितली. आभाराचं काम माझ्याकडे. मी माइक घेतला, सर्वांचे आभार मानले आणि मग ते पत्र मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर टेंडाईला उभं राहायची विनंती केली आणि विचारलं, ही सही तुझी आहे का. ती हळूच उठली. म्हणाली की नाही, माझं नाव असं लिहीत नाहीत. आणि बसली.

आत्या, त्याचा चेहरा! आधी हसू तसंच राहिलं, नुसतं चिकटवल्यासारखं. मग कान लाल झाले. मग त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी शर्टावर सांडलं. मिसेस हॉलंडनी माझ्या हातातून कागद घेतला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या शांततेत मला जे वाटलं ते टाळ्यांत वाटलं नसतं. बाहेर पडताना तो मराठीत पुटपुटला की मी त्याचं आयुष्य बरबाद केलं. मी तितक्याच हळू आवाजात सांगितलं की मनाला लावून घेऊ नकोस.

टेंडाई गर्दीत दिसली नाही. फोन उचलत नाही. दमली असेल.

पुरण घाल. मी शनिवारी येते.
तुझीच,
रचना


नॉटिंगहॅम,
२२ जुलै २००७

ती. लताआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

त्या दिवशी तुझं पुरण पोटभर खाल्लं, ते आता घशाशी येतंय.

गिरीशला ट्रस्टींनी काढलं. हे चांगलं. पण फाउंडेशनने चौकशी संपेपर्यंत सगळं फंडिंग थांबवलं. सप्टेंबरची दुसरी तुकडी रद्द. चोवीस जणांना पत्रं मीच टाइप केली. चिपो नावाची मुलगी पहिल्या तुकडीत होती, दिव्यांचं काम शिकलेली. तिचं पगारी काम मध्येच बंद झालं. आणि टेंडाईला चौकशीसाठी दोनदा बोलावलं. खोटा कागद तिच्या नावाचा, म्हणून प्रश्नही तिलाच. दोन ड्यूट्या बुडाल्या. हॉस्पिटलच्या मॅनेजरने विचारलं की हे कसलं फ्रॉडचं प्रकरण आहे.

शेवटी मी तिच्या घरी गेले. तिने दार उघडलं, चहा केला, आणि मग शांतपणे बोलली. म्हणाली, त्याने माझं नाव मला न विचारता कागदावर लिहिलं. तू ते मला न विचारता माइकवर घेतलंस. चौकशीत कळलं, डिसेंबरपासून तुला माहीत होतं. मी तुझ्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. कॉलेजची ती जागा मार्चमध्ये भरली. तू तुझा शिक्का येईपर्यंत थांबलीस, आणि मलाही थांबवलंस, फक्त मला सांगितलं नाहीस.

मी म्हटलं की मी हे तुझ्यासाठी केलं. तिने विचारलं, खरंच? चहा तसाच राहिला.

मी त्या दोन ओळी लिहून नेल्या होत्या, चांगल्या दीड पानाच्या. तिने घेतल्या, वाचल्या नाहीत.

मला ओरड. तेवढाच आधार वाटेल.
तुझी,
रचना


स्लाऊ,
२९ जुलै २००७

चि. रचनास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

ओरडायला तोंड आहे कुठे? त्या बाईने तुझ्याकडे दोन ओळी मागितल्या, हे तू मला डिसेंबरात लिहिलं होतंस. मी उत्तरात काय लिहिलं ते आठवतंय मला. थोडं कोणालातरी सोसावं लागतंच. गादीवर झोपून लिहिलं. माझ्या सुपरवायझरनेही आम्हा बायकांबद्दल हेच म्हटलं असेल.

तुझ्या हातून मी माझा सूड घेत होते, रचना. तो माणूस कधीच मेला, त्याच्या जागी मला तुझा गिरीश मिळाला. बबनचा नागपूरहून फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं आणि चूक माझी असं सांगितलं.

आता रडत बसू नकोस. त्या हॉलंडबाईंकडे जा. माफी मागायला नाही, काम मागायला. गुन्हा एका माणसाचा, शिक्षा चोवीस जणांना का, हे त्यांना विचार. आणि जाण्याआधी टेंडाईच्या दारात जा. ती नको म्हणाली तर परत फीर.

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, सप्टेंबरात. चटणी सोबत पाठवली आहे, या वेळी दोन बाटल्या. एक तिची.
कायम तुझ्या बाजूची,
लताआत्या


नॉटिंगहॅम,
१४ ऑक्टोबर २००७

ती. लताआत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

आज धम्मचक्र दिन, आणि तू घरात काठी घेऊन चालतेस म्हणे. सुप्रभाने फोनवर सांगितलं की तू फिजिओथेरपीच्या मुलीलाच व्यायाम शिकवलास.

टेंडाईच्या दारात गेले होते. ती नको म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. म्हणाली, मी पण येते. मिसेस हॉलंडसमोर सगळं तीच बोलली, मी फायली उघडून देत होते. महिनाभराने निर्णय आला. फंडिंग आमच्या संस्थेकडून काढून एका कॉलेजकडे दिलं. मुख्य शिक्षक टेंडाई, पूर्ण पगारावर. दुसरी तुकडी जानेवारीत. तिने हॉस्पिटलचा राजीनामा दिला त्या दिवशी वॉर्डच्या नर्सांनी केक कापला.

योजनेला ऑफिस सांभाळायला माणूस हवा होता. मी अर्ज केला. मुलाखतीला तीन जण, त्यात टेंडाई. बाकीच्यांनी बजेट, कायदा वगैरे विचारलं. तिने एकच विचारलं. उद्या माझ्यावर कोणी अन्याय केलाय असं तुला कळलं, तर पहिल्यांदा कोणाला सांगशील? मी म्हटलं, तुला. तिने ते लिहून घेतलं.

जागा चिपोला मिळाली. टेंडाईने स्वतः फोन करून कळवलं. म्हणाली की उत्तर बरोबर होतं, पण उत्तर यायला जवळजवळ एक वर्ष लागलं. मला राग आला नाही असं लिहिणार होते. आला. दोन दिवस होता. मग चिपोला फाइलींची मांडणी समजावून द्यायला गेले. टेंडाई कॉरिडॉरमधून जाताना थांबली आणि म्हणाली की ती चटणी संपली.

मी सध्या कौन्सिलमध्ये पार्किंगची परमिटं देते. लोक शिव्या देतात. मला चालतं.

गिरीश बेसिंगस्टोकला परत गेला, पहिल्यापेक्षा चांगल्या पगारावर असं ऐकते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, ऐकल्यावर पहिल्यासारखाच संताप आला. परत संधी आली तर परत त्याला खाली बसवीन. फक्त या वेळी माइक हातात घेण्याआधी टेंडाईला विचारीन, आणि मला वाटतं, ती हो म्हणेल.

काठी सोडायची घाई करू नकोस. माझ्यावरचा लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तर टेंडाईलाही थोडा पाठव.
तुझी,
रचना