अर्ध्यावरून परत जाणारं दार

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

पाठ कशी आहे? शिडी चढणं सोडलंस की मला बरं वाटावं म्हणून नुसतं हो म्हणतोस?

आमच्या गॅरेजच्या दाराने आठवडाभर जीव नको केलाय. तू असलीच दारं बसवतोस, म्हणून तुला विचारते. अर्ध्यापर्यंत खाली येतं नि पुन्हा वर जातं. रिमोटची बॅटरी बदलली, फरक नाही. भिंतीवरचं बटण शेवटपर्यंत दाबून धरलं तरच बंद होतं. माझी सायकल तिथेच असते, म्हणून इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला निघताना रोज हा खेळ. तुझे भावोजी म्हणतात, दार जुनं झालंय, राहू दे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केल्यापासून ते सगळ्यालाच राहू दे म्हणतात.

तुझी दमलेली,
ताई

९ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

शिडी सोडली. निम्मी.

दाराची मोटर ठीक दिसते. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, दोन सेन्सर असतात. त्यांची समोरासमोर नजर जुळली नाही, तर खाली कुणीतरी आहे असं समजून दार परत जातं. काचा फडक्याने पूस. तरी एकाचा दिवा लुकलुकत असेल तर तो हलला आहे. तो ज्या पट्टीवर बसवलाय तिचा नट सैल करून सरळ कर, दिवा स्थिर झाला की घट्ट आवळ. वरच्या स्प्रिंगला हात लावू नकोस, माझ्या करंगळीला विचार. आणि पट्टी आपोआप वाकत नाही, काय लागलं तेही बघ.

तुझा,
धाकटा

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

डावा दिवा लुकलुकत होता. पट्टी वाकलेली, तिच्यावर निळा रंग. सायकल लाल आहे रे. निळी आमची गाडी.

म्हणजे मी कामावर गेले की हे गाडी काढतात. तिथेच बादली उपडी घालून बसले. दिवसभर चादरींच्या घड्या घालायच्या आणि घरी येऊन नवऱ्यावर पाळत ठेवायची, एवढं बळ नाही उरलं. अजून काही बोलले नाही. गाडी बाहेरच निघू नये म्हणून दाराची मोटर कायमची बंद कशी करायची, ते कळव.

ताई

२१ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

प्लग काढला की झालं. पण तो सल्ला देताना जड जातंय. मला गाडी भावोजींनीच शिकवली. आधी त्यांना विचार, मग काय ते कर. जमलं नाही तर मी येतो, पाठीसकट.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

विचारलं. म्हणाले, एकदाच नेली होती, चौकापर्यंत. एक बाई ओरडली तेव्हा कळलं, ती अगदी समोर होती. तिला काही झालं नाही. परत येऊन गाडी आत घेताना पट्टीला धक्का लागला. तेव्हापासून मी गेले की हे नुसते गाडीत जाऊन बसत. सांगितलं असतं तर गाडी कायमची सुटली असती, म्हणाले. मला रागवायचं होतं, जमलं नाही.

पट्टी आम्ही दोघांनी सरळ केली. त्यांनी हाताने चाचपून धरली, नट मी आवळला. परवा गाडी विकली. किल्ली त्यांनीच दिली.

काल डॉक्टरांकडे बसने गेलो. मी शेजारी असूनही त्यांनी थांब्यावरच्या एका अनोळखी माणसाला विचारलं, कितव्या नंबरची बस आली, मला दिसत नाही. संसाराच्या छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाला साधी वाट विचारलेलीही मी ऐकली नव्हती.

आहेस तसाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई