ट्रकखालच्या कप्प्याचा पाय

शुक्रवार, संध्याकाळ. वलगाव

लष्कराच्या जुन्या ट्रकात मी दातांचा फिरता दवाखाना उभारतेय. उद्या नांदगाव खंडेश्वरला पहिलं शिबिर, आणि ट्रकखालचा जनरेटरचा कप्पा दुपारपर्यंत काही जमेना. बाहेर ओढला की वजनानं वाकायचा, मग आत जायचाच नाही. वेल्डर रमेशभाऊंनीही हात टेकले. मी शिबिर रद्द करायला फोन हातात घेतला होता.

आई म्हणाली, "बैलगाडीले लावतो तसा टेकू लाव ना त्याले."

रमेशभाऊंनी कप्प्याच्या टोकाला दुमडणारा लोखंडी पाय जोडला. वाकणं बंद. एवढा साधा पाय, मला कसा सुचला नाही?

जनरेटर सुरू झाला, तपासणीच्या खुर्चीवरचा दिवा लागला. दोन वर्षं मला दात दाखवायचं टाळणारी आई आपणहून खुर्चीत बसली. म्हणाली, "आता पाहूनच घे. डावीकडचा लय दुखून राह्यला."