दुसरा हात

ती. आईला धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी आमचा क्रीमचा स्टॉल आहे. ना ऊन, ना पाऊस, नुसतं दिवसभर उभं राहायचं. पाय जरा सुजतात, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. बाबांचा खोकला थांबला का?

काम म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचा हात धरायचा आणि सोडायचा नाही. क्रीम एकाच हाताला चोळायचं. दुसरा मुद्दाम तसाच ठेवायचा, म्हणजे तिला त्याची लाज वाटते. साहेब म्हणतात, हिच्या तावडीतून कुणी सुटत नाही.

काल तुझ्या वयाची एक बाई सापडली. भांडी घासून हातांना तुझ्यासारख्याच भेगा. "जाऊ दे गं पोरी," म्हणत होती. मी सोडलं नाही. शेवटी तिने विचारलं, "तुझ्या आईला लावशील हे?"

"तिला दर महिन्याला पाठवते," मी म्हटलं.

तिने लगेच डबी घेतली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला. तो दुसरा, खरखरीत हात.

आई, मागच्या पत्रात तू हे क्रीम मागितलं होतंस. ते मी पाठवणार नाही. तू आपलं तेलच लाव.

तुझीच,
धाकटी