अकरा एकांची संख्या

४ फेब्रुवारी १८५१, वीबोर

१११ ला १११ ने गुणले की १२३२१ येतात, हे शाळेतल्या प्रत्येक पोराच्या लक्षात येते. पण नुसत्या एकांची संख्या कशाने भागते, हे कुणी विचारत नाही! दोन एक: अकरा, अविभाज्य. तीन एकांना ३ भागतो, चारांना ११, पाचांना ४१, सहांना पुन्हा ३, सातांना २३९. आठ, नऊ, दहा सहज फुटतात. आणि अकरा एक?

भाजक असलाच तर त्याला बावीसने भागून एकच उरला पाहिजे — केवढी मेहनत वाचली! तरी हजारभर भागाकार. दोन वर्षे. मी अभ्यासिकेत, बहीण आबेलोने स्वयंपाकघरात. मधे बोलायचे नाही, कॉफीच्या वेळीच बाक्या ताडायच्या. आज शेवटची जुळली. शून्य एकदाही नाही. अविभाज्य! कोपनहेगनच्या विद्वत्सभेला पत्र धाडले. एक मार्चला वाचतील.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, उन्हाळ्यापर्यंत या डोळ्यांना फक्त उजेड-अंधार कळेल. आकडे नाही." म्हणजे ही माझी शेवटची संख्या.

२१ फेब्रुवारी

पाद्री थ्योगर आले. कोट काढायच्या आधीच — "तुम्ही दिलेली भाजकांची यादी मोजली. माझ्या अविभाज्य संख्यांच्या कोष्टकात एक जास्त निघतो."

मी म्हटले, दोघांनी वेगवेगळे भागाकार केलेत.

"पण यादी एकच ना? एका ताटात जेवलात आणि दोन पंगती उठल्या म्हणून सांगता!"

खरे आहे. यादी मीच उतरवली होती. जो भाजक मी गाळला, तो दोघांनीही गाळला — आणि बाक्या कशा सुरेख जुळत होत्या! दोन साक्षीदार, पण प्रश्न विचारणारा एकच, अर्धा आंधळा.

२२ फेब्रुवारी

दिवसभर यादी. ३ आणि ८ वेगळे दिसत नाहीत. दोन वर्षे वाया.

२४ फेब्रुवारी

आबेलोनेला सापडला: २१६४९. पान उलटताना सुटला असावा. ती लगेच भागायला बसली. बराच वेळ नुसती पाटीवरची पेन्सिल ऐकू येत होती. मग ती थांबली.

"किती आले?"

"थांब रे दादा, ताडून पाहते." मग म्हणाली, "भागाकार ५१३२३९, बाकी सात. वाचली तुझी संख्या! आता तरी पेज खा, गार झाली."

दोन वाडगे खाल्ले. मोठ्याने हसलोसुद्धा.

२५ फेब्रुवारी

दोन वर्षांत आबेलोनेचा एकही भागाकार चुकलेला नाही.

आज सहज तिचे उत्तर मनात ताडले. याला डोळे लागत नाहीत, कुणालाही जमेल. अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. २१६४९ चे उरतात ४. ५१३२३९ चे ५. चार पाचा वीस, म्हणजे २. बाकी मिळवून अकरा एकांइतकेच यायला हवे. अकरा एक: अकरा, म्हणजे २.

दोन तर बाकी न मिळवताच झाले. तिचे सात कुठे ठेवू?