मार्थाबाईंनी बोलावलं

१२ मार्च, गुरुवार
ऊन वाढलं. दुकानात सकाळपासून तीन कुलर दुरुस्तीला आले. दोनांचे पंप गेलेत, एकाची मोटर जळालीय. दुपारी देवणीहून मार्थाबाईंचा फोन. पाच वर्षांनी.
"पाळकसाहेब, कुलर बंद पडलाय."
म्हटलं, बाई, मी आता चर्चचा पाळक नाही. आणि कुलरचे मिस्त्री देवणीतही आहेत.
"हायत की. पर मला तुम्हीच पायजे."
घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊन या." एवढंच. पाच वर्षं ही रविवारी एकटी चर्चला जाते. मला एका शब्दानं बोलली नाही कधी.

१३ मार्च, शुक्रवार
कामात लक्ष नाही. देवणीत नऊ वर्षं पाळक होतो, पण तोंड चुकवावं असं एकच माणूस तिथं, मार्थाबाई. कोरोनाच्या त्या महिन्यात मंडळीतली सात माणसं पुरली. सातवे त्यांचे यजमान, दानियलभाऊ. कबरीपाशी आम्ही चौघंच. बायबल उघडलं आणि तोंडातून शब्द निघेना. मिटलं, वळलो, चालू लागलो. बाईंना तिथंच सोडून. उरलेली प्रार्थना त्यांनीच केली म्हणे. मी त्याच आठवड्यात राजीनामा लिहिला. तेव्हापासून प्रार्थना नाही, चर्च नाही.
जाऊ नये असं वाटून राहिलंय.

१४ मार्च, शनिवार
गेलो. बाई थकल्यात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, मला आवाजावरून ओळखलं. कुलरचं बटण दाबलं, लगेच सुरू.
"बाई, याला काही झालेलं नाही."
"ठावं हाय मला. बसा, चहा टाकते."
कप खाली ठेवला. शेवटी बोललो. भाऊंच्या मातीला तुम्हाला एकटं टाकून गेलो, माफी कुठल्या तोंडानं मागू.
बाईंनी पदर सावरला. मग त्यांच्या गाईचं सांगत बसल्या. देवणी जातीची गाय, पहिल्या वेताची, एकदा बिथरून रानात पळाली. "लोक म्हणले, हाका मारा. आमचे हे म्हणले, हाक मारली की आणिक पळंल. दोन दिस गप तिच्या मागं मागं चालले. ती थांबली की हे थांबायचे. तिला वाटायचं, आपण एकलीच हाव." मग म्हणाल्या, "तुम्हाला बी तसंच वाटून राहिलं आसंल, साहेब. देव गप हाय म्हंजे गेलाय, आसं न्हाई."
मला रडू आलं. त्यांनी येऊ दिलं.
निघताना म्हणाल्या, २४ ला लातूरला डोळ्याचं ऑपरेशन, तुम्ही या. हो म्हणून बसलो.

१५ मार्च, रविवार
सुनंदा चर्चहून आली. पहिल्यांदाच मी विचारलं, आज काय झालं? ती चप्पल काढता काढता थांबली. मग सगळं सांगितलं, कोणतं गीत झालं, कोण आलं नव्हतं, नवे पाळक किती लांबवतात. दोघं हसलो.
प्रार्थना करून पाहिली. जमली नाही. पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं नाही आज.

२४ मार्च, मंगळवार
लातूर. दवाखान्यात बाई हिरव्या टोपीत, एवढ्याशा दिसत होत्या. बरोबर सून. आत न्यायच्या आधी माझा हात धरला. "करा प्रार्थना."
डोळे मिटले. "देवबापा," म्हणालो. पुढं काहीच नाही. पुन्हा कबरीपाशी उभा असल्यागत. पण या वेळी हात सोडला नाही. पाय हलले नाहीत.
बाई म्हणाल्या, "आमेन. बास झालं. बापाला हाक मारली की पोचतंय." आणि गेल्या आत.
सून म्हणाली, सासूबाई रोज सकाळी तुमचं नाव घेतात, पाच वर्षं झाली. आधी तुमचं, मग आमच्या लेकरांचं.
ऑपरेशन नीट झालं. परतीच्या बसमध्ये झोप लागली, गाढ. अशी झोप कधी लागली होती, आठवत नाही.

२७ मार्च, शुक्रवार
बाईंची पट्टी निघाली. फोनवर म्हणाल्या, "सुनेचं तोंड दिसलं. आठवत व्हतं त्यापेक्षा गोरी हाय." मग हळूच, रविवारी झावळ्यांचा सण, ईस्टरच्या आधीचा, मला चर्चपर्यंत चालवत न्हाई, घरीच उपासना ठेवलीय. शेजारची पाच-सहा माणसं. "त्यास्नी सांगितलंय, साहेब येणार म्हणून."
म्हटलं, बाई, विचारायचं तरी.
"इचारलं आसतं तर न्हाई म्हणला आसता."

२८ मार्च, शनिवार
इथून, नांदेडहून, उदगीरची गाडी पहाटे सहाला, तिथून देवणी. सुनंदानं स्टँडवर चौकशी करून ठेवली. दशम्या बांधल्या, दोघांच्या. मी येतो असं अजून म्हणालेलो नाही. येत नाही, असंही नाही.
संध्याकाळी बायबलातलं लूकचं पुस्तक काढून बसलो. पंधरावा अध्याय, हरवलेल्या मेंढराचा. पूर्वी पाठ होता. आज मोठ्यानं वाचला, सावकाश. मधे दोनदा अडकलो. सुनंदा लसूण सोलत ऐकत होती. तिसऱ्यांदा अडकलो तेव्हा पुढचा शब्द तिनं सांगितला.